मध्यंतरात बसलेला माणूस

मालोजीराव नाटकं लिहायला लागले तेव्हा पन्नाशी ओलांडून गेले होते, आणि त्याआधी त्यांनी काय काय केलं ते सांगायला बसलं तर ऐकणाऱ्याची कापी, म्हणजे कॉफी, निवून जायची. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकुनी केली. मग औषधांच्या कंपनीची बॅग घेऊन तिरुनेलवेलीपर्यंत डॉक्टरांचे उंबरे झिजवले. एका वकिलाकडे अर्ज लिहून दिले, मधे एका शाळेत गणित शिकवलं, आणि सगळ्यात शेवटी गुम्मिडिपूंडीला पाइपांच्या एका कारखान्यात कामगार अधिकारी झाले. ही शेवटची नोकरी झकास होती. घरापाशी गाडी यायची, टेबलावर घंटी होती. नेमकी तीच त्यांनी सोडली. का सोडली असं विचारलं की 'लिहायचं आहे' एवढंच म्हणायचे, आणि टी. नगरातल्या त्यांच्या गल्लीत या उत्तराने कोणाचंच समाधान होत नव्हतं.

कृष्णकांत वेलणकरचं मात्र झालं होतं. तो सांगलीहून बदली होऊन मद्रासच्या बँकेत आलेला. मालोजीराव ड्राफ्ट काढायला आले, काउंटरवरची नावाची पाटी वाचली आणि थेट मराठीत बोलायला लागले. त्यांचं ते तंजावरी मराठी ऐकून कृष्णकांतला आधी हसू आलं होतं. शब्द बखरीतले आणि हेल तमिळ. पण महिन्याभरात तो दर रविवारी त्यांच्या घरी जायला लागला, कारण मालोजीराव नाटक वाचून दाखवायचे. नाटक तमिळ, कृष्णकांतचं तमिळ भाजीबाजारापुरतं, तरी त्याला सगळं समजायचं. गृहस्थ वाचताना हातवारे करत नसत, आवाज बदलत नसत. नुसतं वाक्य कुठे अडखळतं ते वाचून दाखवायचे, आणि तेवढ्यावर समोर माणूस उभा राहायचा.

हे कुठे शिकलात, असं त्याने एकदा विचारलं. मालोजीराव म्हणाले, सगळीकडे थोडं थोडं. पार्सल ऑफिसात एक म्हातारा हरवलेल्या आंब्यांच्या पेटीसाठी तासभर भांडला, आणि सगळा वेळ जावयाबद्दलच बोलला. तेव्हा कळलं की माणूस विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही, मनात जे साचलंय ते सांगतो. डॉक्टरांच्या दारात कळलं की दार लागायच्या आत काय म्हणायचं. वकिलाने शिकवलं की काय लिहायचं नाही, आणि पोरांनी शिकवलं की वर्गाचं लक्ष कधी खिडकीबाहेर जातं. कृष्णकांतला वाटलं, इतकी वर्षं हा माणूस नोकऱ्या बदलत होता असं आपण समजतो, पण हा तर एकच काम करत होता. त्याला मालोजीरावांचा मनापासून हेवा वाटला, आणि हेव्यापेक्षा आदर जास्त.

त्यांच्या घरात सगळ्यांनाच इतका आदर वाटत होता असं नाही. घर चालायचं सकवारबाईंच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीवर. नवऱ्याचं लिहिणं त्यांना आवडत नव्हतं असं मुळीच नाही. गाडं एकटीने ओढून त्या थकल्या होत्या, आणि तसं स्पष्ट बोलल्याही होत्या. मालोजीराव सिनेमावाल्यांच्या कोडंबाक्कमलाही जायचे. तिथे हॉटेलच्या खोलीत दिग्दर्शक पलंगावर लोळायचा, पाचसहा लेखक सतरंजीवर बसायचे, आणि जो तो आपला प्रसंग तोंडी सांगायचा. ज्याचा प्रसंग जमला त्याचा तो घेतला, पडद्यावर नाव भलत्याचंच. मालोजीरावांचे बरेच प्रसंग असे गेले. शेवटी एक दिग्दर्शक त्यांना म्हणाला की तुमचं ते कारखान्यातल्या चौकशीचं नाटक आधी रंगमंचावर येऊ दे. मी बघायला येतो. लोक बसून राहिले तर त्यावरचा सिनेमा तुम्हीच लिहा, नाव तुमचंच लावतो.

दुसरीकडे सकवारबाईंचा धाकटा भाऊ अमरसिंह होता. एन्नोरला वीजकेंद्रात कोळसा उतरवायचं कंत्राट त्याच्याकडे होतं, हाताखाली माणसं पुष्कळ, आणि त्या माणसांना सांभाळायला घरचा, भरवशाचा, कायदा जाणणारा अधिकारी त्याला हवा होता. भावोजींसाठी त्याने खुर्ची मोकळी ठेवली होती. नाटक ज्या शनिवारी लागेल त्या दिवशी बघायला येतो, म्हणाला, आणि तिथेच उत्तर घेऊन जातो. सकवारबाईंनी नवऱ्याला समोर बसवून ठरवून टाकलं की नाटक पडलं तर सोमवारी एन्नोर. मालोजीरावांनी 'सरि', म्हणजे बरं, म्हटलं. त्यांनी एकदा सरि म्हटलं की ते मोडत नसत, हे गल्लीतलं पोरसुद्धा जाणत होतं.

आता नाटक. एका कामगारावर चोरीचा आळ आहे, कारखान्यातल्या कारखान्यात त्याची चौकशी चालली आहे, आणि चौकशी सुरू होते तिथे पडदा उघडतो, संपते तिथे पडतो. टेबल, तीन खुर्च्या, एक बाकडं. कामगाराला सबंध नाटकात जवळजवळ बोलणंच नाही, म्हणून ती भूमिका कृष्णकांतला. 'तुमचं तमिळ कोणाच्या कानावर पडायला नको,' असं मालोजीरावांनी हसत सांगितलं होतं. चौकशी अधिकारी झाला होता रेल्वेतला व्यासराज, भरदार आवाजाचा आणि तितक्याच भरदार पोटाचा.

नाटक बसलं, तालमी रंगात आल्या, आणि मग नाटक करवून घेणाऱ्या सभेचे, म्हणजे मद्रासकडच्या नाटक-गाण्याच्या मंडळाचे, सेक्रेटरी गुरुराज एक दिवस तालीम बघून गेले. सगळं बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, मध्यंतर कुठे आहे?

मध्यंतर नव्हतं. मद्रासच्या सभांमधून आयुष्यभर नाटकं बघितलेल्या, प्रत्येक मध्यंतरात कँटीनच्या रांगेत पहिला असलेल्या या माणसाने स्वतःच्या नाटकात मध्यंतर ठेवलंच नव्हतं. चौकशी एका दमात चालते म्हणून लिहिलंही एका दमात. गुरुराजांनी त्यांना समजावलं. सभेचे सभासद नाटकाला येतात हे खरं, पण बोंड्यालाही येतात. कँटीनवाला दुपारपासून कढई तापवतो. काही सभासद तर असे आहेत की नाटक कोणतं ते घरी गेल्यावर विसरतात, चटणी कशी होती ते विसरत नाहीत. मध्यंतर नसेल तर आपल्या सभेत हे नाटक होणार नाही. मालोजीरावांनी आधी वाद घातला, मग रागावले, मग उठून घरी गेले. कृष्णकांतला वाटलं, संपलं. बोंड्यापायी एवढं नाटक बुडणार या विचाराने त्याचा जीव जळत होता, आणि बसस्टॉपपर्यंत तो गुरुराजांना सांगलीकडच्या निवडक शिव्या देत गेला.

पुढच्या तालमीला मालोजीराव आले ते चेहरा उजळून. चौकशीतसुद्धा चहाची सुट्टी होते की, ते म्हणाले. अधिकारी उठतो, साक्षीदार उठतात, टायपिस्ट उठतो, चहाला जातात. प्रेक्षकांनीही जावं. पडदा मात्र पाडायचा नाही आणि दिवे मालवायचे नाहीत.

"आणि मी?" कृष्णकांतने विचारलं.

"तुम्ही बसून राहायचं. अस्के जातात, एकूणएक, तुम्हाला कोणी ऊठ म्हणून सांगत नाही. न सांगता उठलात तर चौकशी सोडून गेला म्हणून लिहितील."

"पण एवढा वेळ मी करू काय?"

"काही नको. करायचं ते समोरचे करतील." मग ते म्हणाले, "मी बघितलोय त्याला. गुम्मिडिपूंडीत. काचेपलीकडून दिसत होता. आम्ही आत बिस्किटं खात होतो."

चांगली नोकरी का सोडली, या गल्लीतल्या लोकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर कृष्णकांतला त्या दिवशी कळलं.

शनिवारी सभागृह भरलं. पहिला भाग चांगला गेला, म्हणजे लोक खोकले नाहीत. व्यासराजचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. तो उठला, "चहा घेऊन येऊ," म्हणाला, आणि सगळे त्याच्यामागून विंगेत गेले. सभागृहातले दिवे लागले. कृष्णकांत बाकड्यावर राहिला.

आधी लोकांना वाटलं पडदा अडकला. कोणीतरी दोरीवाल्याला हाक मारली, दोनचारजण हसले. मग सगळे उठले. बोंडा ही काही वाट बघायची गोष्ट नव्हे. कृष्णकांत हात मांडीवर ठेवून बसला आणि त्याला एकदम सगळंच जाणवायला लागलं. गुडघा खाजत होता. डोक्यावरचा पंखा दर फेरीला कुरकुरत होता. बाहेरून तळणीचा वास यायला लागला, आणि दुपारी धास्तीने तो जेवला नव्हता. उठून सरळ आत निघून जावं असं त्याला फार वाटलं. बँकेतला कोणी ओळखीचा बघत असेल, सोमवारी काउंटरवर थट्टा होईल. दुसऱ्या रांगेत तो दिग्दर्शक बसला होता, एक खुर्ची सोडून सकवारबाई, दोघंही जागची हलली नव्हती. त्यांच्याकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं. बाकी रिकाम्या खुर्च्या होत्या.

मग लोक परतायला लागले. हातात पेले, पानांवर बोंडे, बोलणं जोरात चाललेलं. दारातून आत आले की त्यांना बाकड्यावरचा माणूस दिसायचा, अजून तिथेच, तसाच, आणि बोलणं खाली यायचं. एका बाईने मुलाला 'बोट दाखवू नकोस' म्हटलं. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाने खुर्चीवर बसून बोंडा तोंडाशी नेला, वर बघितलं, आणि तो हळूच रुमालाखाली ठेवून दिला. कृष्णकांतला हे सगळं दिसत होतं. आपण काही करत नाही आहोत आणि समोर तीनशे माणसं अवघडून बसली आहेत, हे त्याला कळलं, आणि हे मालोजीरावांनी घरी टेबलाशी बसून आधीच बघून ठेवलं होतं या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला.

अमरसिंह शेवटी आला. कृष्णकांतने त्याला मालोजीरावांकडे पाहिलेलं होतं, पांढरी पँट, धिप्पाड, चालताना वाट आपोआप मोकळी होणार. बहिणीसाठी आणि स्वतःसाठी असे कापीचे दोन पेले घेऊन तो मधल्या वाटेने येत होता. एक पेला त्याने सकवारबाईंना दिला. मग स्वतःच्या खुर्चीशी उभा राहिला आणि रंगमंचाकडे बघत राहिला. मग दोन पावलं पुढे आला, हात लांब करून आपला पेला रंगमंचाच्या कडेवर ठेवला, आणि खालच्या आवाजात तमिळमध्ये म्हणाला, "घे रे."

हे तालमीत नव्हतं. कृष्णकांतला कापीची वाफ दिसत होती, हात पुढे केला असता तर पेला मिळाला असता. घ्यावी की न घ्यावी? विंगेत मालोजीराव उभे होते, पण तिकडे बघायचं नव्हतं. त्याने न ठरवता भलतीकडेच बघितलं, चौकशी अधिकाऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे. घेऊ का विचारावं म्हणून. खुर्चीत कोणी नव्हतं. तो पुन्हा हात मांडीवर ठेवून बसला.

अमरसिंह आपल्या जागेवर जाऊन बसला.

घंटा झाली, व्यासराज तोंड पुसत, मागे वळून टायपिस्टशी हसत आत आला. कडेवरचा पेला बघून तो क्षणभर गोंधळला असावा, पण जुना नट होता. त्याने पेला उचलून टेबलावर ठेवला, मग फायली मांडायला जागा हवी म्हणून एका बोटाने बाजूला सारला, आणि चौकशी पुढे सुरू केली. पेला शेवटपर्यंत तिथेच राहिला. शेवटी नियमाप्रमाणे विचारायचा प्रश्न त्याने विचारला, तुला तुझी बाजू मांडायची पूर्ण संधी मिळाली ना? याचं उत्तर हेच कृष्णकांतचं सबंध नाटकातलं एकुलतं एक वाक्य होतं. मालोजीरावांनी त्याच्याकडून ते शंभरदा म्हणून घेतलं होतं आणि प्रत्येक वेळी 'कमी, अजून कमी' म्हटलं होतं.

"मिळाली, सार," तो म्हणाला.

पडदा पडला आणि टाळ्या वाजल्या नाहीत. थोड्या मागून वाजल्या, विरळ, आणि थांबल्या. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. लोक एकमेकांशी न बोलता बाहेर पडले. सभेच्या नाटकाला लोक हसत, चर्चा करत, मुख्य नटाला भेटायला आत घुसत, त्यातलं काही घडलं नाही. गुरुराज तोंड वाकडं करून गेले. व्यासराजने मिशी काढता काढता 'बरं झालं' असं काहीतरी म्हटलं, पण त्यालाही खात्री नव्हती. कृष्णकांत रंग पुसून मालोजीरावांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. इतकं चांगलं नाटक पडलं म्हणून त्याच्या डोळ्यात पाणी आलं.

"चला," मालोजीराव म्हणाले. "शब्द दिलाय."

फाटकाशी अमरसिंह गाडीला टेकून उभा होता, जवळ सकवारबाई. मालोजीराव सरळ त्याच्यापुढे गेले. चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती. पार्सल ऑफिस सोडलं, शाळा सोडली, तसंच हेही सोडायचं, अशा साध्या आवाजात त्यांनी सांगितलं की सोमवारी येतो, किती वाजता यायचं ते सांग.

"येऊ नका," अमरसिंह म्हणाला.

मालोजीरावांना वाटलं जागा भरली. तसं त्यांनी विचारलंही.

"भरली नाही, भावोजी. सोमवारीच माझ्याकडे एका माणसाची चौकशी आहे. तुम्ही आलात की मी ते तुमच्यावर टाकेन, आणि आत जाऊन जेवेन. मला ठाऊक आहे माझं. तुम्ही नसलात तर मला बसावं लागेल त्याच्यासमोर." तो आपल्या बुटांकडे बघत बोलत होता. "कापी त्याने घेतली नाही हो. मी दिली तरी घेतली नाही. तुम्ही घरी बसा, लिहा. अक्का काही म्हणणार नाही."

"अक्का काय म्हणेल ते अक्का सांगेल," सकवारबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून त्यांनी सांगितलं की दिग्दर्शक मध्यंतरात उठलाच नाही, आणि जाताना त्याने विचारलं की हे लिहिणारे तुमचे कोण. उद्या सकाळी कोडंबाक्कमला बोलावलंय, हेच नाटक घेऊन. हॉटेलच्या खोलीत नाही, ऑफिसात. "मी हे आधीच सांगणार होते. पण हा माझा भाऊ काय म्हणतो ते बघायचं होतं मला." त्यांचा आवाज जरा बसला होता. "आणि एक. ते शेवटचं वाक्य ऐकताना मला तुमच्यावर राग आला. इतकं काय म्हणून रडवायचं माणसाला?"

कृष्णकांतला वाटलं, आता हा माणूस हसेल, बायकोचा हात धरेल, निदान एक मोठा श्वास सोडेल. एवढ्या नोकऱ्या, एवढी वर्षं, आणि शेवटी हवं ते दारात येऊन उभं राहिलेलं. मालोजीरावांचे डोळे भरलेही होते. पण ते अमरसिंहाकडेच बघत होते.

"त्याचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"कोणाचं?"

"सोमवारच्या माणसाचं."

अमरसिंहाने सांगायला तोंड उघडलं आणि त्याला ते आठवेना. त्याने आठवायचा प्रयत्न केला, तो फाटकाच्या दिव्यात सगळ्यांना दिसला. मग तो गाडीचं दार उघडून आत बसला, काच खाली केली आणि म्हणाला, "बघतो, भावोजी. उद्याच बघतो."